गीझर का पेटत नाही?

जुलै महिन्यात लोणावळ्याला राहून पाहिलंय कधी? पावसाळी सहलीला नव्हे, राहायला. वर्षाला सरासरी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतल्या काड्यांचं गूल मऊ पडतं. पूर्वी अशा दिवसांत न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवणं हे घरातल्या जाणत्या माणसाचं काम असे. बंब पेटला नाही तर कारण शोधायला पुस्तक लागत नसे. लाकूड ओलं असेल, खालची राख काढली नसेल म्हणून हवा खेळत नसेल, नाहीतर ढलपी पेट घेण्याआधीच काडी विझली असेल. इंधन, हवा आणि पेट घेण्यापुरती उष्णता, या तिन्हींतली एक गोष्ट कमी पडली की जाळ होत नाही, हे फुंकणी हातात धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आज मावळातल्या कित्येक घरांत बंबाची जागा गॅसच्या गीझरनं घेतली आहे. तो पेटला नाही की आपण त्या पत्र्याच्या पेटीकडे नुसते बघत बसतो. खरं तर आतलं विज्ञान बंबाचंच आहे. फरक इतकाच, की बंब पेटवायचा की नाही हे माणूस ठरवत असे. इथे ते यंत्र ठरवतं. आणि यंत्र ‘नाही’ म्हणतं तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं.

लोणावळ्यात राहणाऱ्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घरी हेच घडलं. ऐन पावसाळ्यात एके सकाळी त्याचा गीझर मुका झाला. नळ सोडला तरी नेहमीची टिकटिक नाही, जाळ नाही. तो दुरुस्त झाला, पण दोनच दिवसांनी दुसराच त्रास सुरू झाला. तो त्रास या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पण त्याआधी गीझरच्या पोटात काय चालतं ते पाहू.

पाच कड्यांची साखळी

आपण गरम पाण्याचा नळ सोडतो. गीझरमधून पाणी वाहू लागतं. वाहत्या पाण्याचा दाब रबराच्या एका पातळ पडद्याला ढकलतो आणि तो पडदा एक छोटं बटण दाबतो. ही पहिली कडी. बटण दाबलं गेलं की दोन सेलच्या तीन व्होल्टवर चालणारं इलेक्ट्रॉनिक मंडल जागं होतं. ही दुसरी. ते मंडल व्होल्टता हजारो पटींनी वाढवून बर्नरजवळच्या टोकापाशी ठिणग्या पाडतं. ही तिसरी. त्याच वेळी विद्युतचुंबकावर चालणारी झडप उघडते आणि गॅस बर्नरमध्ये येतो. ही चौथी. जाळ झाला की त्यात बुडालेली धातूची एक काडी ‘जाळ आहे’ अशी खबर मंडलाला देते. ही पाचवी. काही सेकंदांत ही खबर आली नाही, तर मंडल गॅसची झडप बंद करतं. न जळलेला गॅस घरात साठू नये, म्हणून ही योजना.

यातली एकही कडी तुटली तरी आपल्याला बाहेरून दिसतं ते एकच: गीझर पेटत नाही. मग तुटलेली कडी ओळखायची कशी? एकेक कडी क्रमानं तपासायची, आणि प्रत्येक ठिकाणी डोळे, कान व नाक वापरायचं.

पहिला मान नाकाचा. गॅसचा वास येत असेल तर पुढचं काहीही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, आणि घराबाहेर येऊन गॅस कंपनीला किंवा १९०६ या क्रमांकावर कळवायचं. मूळ एलपीजीला जवळजवळ वासच नसतो. तो कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातला उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर निघून जात नाही. फरशीवर आणि मोरीच्या भोकात साचून राहतो.

पाणी

बैठ्या घरात पाण्याची टाकी बहुधा स्लॅबवर, न्हाणीघराच्या डोक्यावरच असते. नळापासून टाकीतल्या पाण्याची उंची जेमतेम दीड मीटर. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब देतो, म्हणजे दीड मीटरचा दाब ०.१५ किलोग्रॅम. पण पडदा हलवून बटण दाबायला बहुतेक गीझरना ०.२ ते ०.२५ किलोग्रॅम तरी दाब लागतो. म्हणून दुमजली घरात खालचा गीझर पेटतो आणि तशाच बनावटीचा वरचा पेटत नाही, असं दिसतं. यात वरच्या गीझरचा काहीच दोष नसतो. टाकी मीटरभर उंच चढवली किंवा छोटा पंप बसवला की तो पेटू लागतो.

काल पेटत होता आणि आज पेटत नाही, असं असेल तर मात्र उंची निर्दोष ठरते; ती रातोरात बदलत नाही. अशा वेळी पाणी आत येतं तिथली बारीक जाळी पाहावी. पावसाळ्यात पाण्यातून आलेला गाळ आणि टाकीच्या तळाचा चिखल तिच्यावर बसतो. थंड आणि गरम पाण्याच्या नळांची धार ताडून पाहावी. गरम नळाची धार करंगळीएवढी झाली असेल तर कारण सापडलं.

सेल

नळ सोडल्यावर टिकटिक ऐकू येते का? माझ्या मित्राच्या गीझरची टिकटिक बंद होती, पण पाण्याची धार जोरात होती. त्यानं सेल काढून मीटर लावला. प्रत्येकी १.४ व्होल्ट! ‘म्हणजे सेल चांगले आहेत’ असं म्हणून तो दुसरीकडे वळला आणि तासभर वाया गेला.

चूक कुठे झाली? मीटर सेलमधून नगण्य विद्युतधारा घेतो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नगण्य धारेला हा रोध जाणवत नाही, म्हणून मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्टता दाखवतो. पण मंडल आणि झडप खरी धारा मागतात, तेव्हा बरीचशी व्होल्टता सेलच्या आतच खर्च होते. वर्गात हे सहज दाखवता येतं. जुन्या सेलला व्होल्टमीटर जोडा आणि आकडा लिहून घ्या. मग त्याच सेलला बॅटरीचा छोटा दिवा जोडा आणि दिवा लागलेला असताना पुन्हा आकडा वाचा. नव्या सेलचा आकडा किंचित उतरतो, जुन्याचा धाडकन. ‘सेल किती व्होल्टचा आहे’ आणि ‘सेल काम करू शकतो का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मुलांना यातून पक्कं कळतं.

नवे सेल घातले आणि गीझर पेटला.

ठिणगी

टिकटिक आहे पण जाळ नाही, तर ठिणगी योग्य जागी पडते का ते पाहावं. अंधार करून खिडकीतून पाहिलं की निळी ठिणगी दिसते. (हे पाहताना गॅस बंद ठेवायचा.) कोरड्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला ढोबळमानानं ३,००० व्होल्ट लागतात, टोक आणि बर्नर यांतल्या काही मिलिमीटर अंतरासाठी दहा-पंधरा हजार व्होल्ट.

‘पावसाळ्यात हवा दमट होते, म्हणून विजेची वाहक होते आणि ठिणगी पडत नाही’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. हे बरोबर नाही. हवेत मिसळलेली वाफ हवेला वाहक बनवत नाही. खरा उपद्व्याप होतो तो पृष्ठभागावर. ठिणगीच्या टोकाभोवतीच्या चिनी मातीच्या आवरणावर धूळ आणि काजळी बसते, त्यावर दवासारखा पाण्याचा पातळ थर जमतो आणि वीज हवेतून उडी मारण्याऐवजी या ओल्या वाटेनं गुपचूप निघून जाते. टिकटिक ऐकू येते, पण ठिणगी भलतीकडेच पडते किंवा पडतच नाही. सेल काढून, कोरड्या फडक्यानं पुसून ते आवरण वाळवलं की बहुधा काम होतं. फुगा लोकरीवर घासण्याचा आपला लाडका प्रयोग पावसाळ्यात फसतो, त्याचंही कारण हेच.

गॅस

ठिणगी चांगली आहे, तर मग गॅसकडे वळू. नवं सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते. पहिले एक-दोन प्रयत्न फुकट जातात. कारण ठिणगी आहे आणि गॅस आहे एवढ्यानं भागत नाही, प्रमाणही जमावं लागतं. हवेत एलपीजी साधारण २ टक्क्यांहून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही, आणि ९ टक्क्यांच्या वर गेला तरीही पेटत नाही. या अरुंद पट्ट्यातच जाळ शक्य आहे. म्हणूनच दोन-तीन प्रयत्न फसले तर नळ बंद करून, खिडकी उघडून पाच मिनिटं थांबावं. साठलेला गॅस पुढच्या ठिणगीला एकदम भडकतो.

रेग्युलेटरमधून बाहेर येणाऱ्या गॅसचा दाब फार थोडा असतो: वातावरणापेक्षा चौरस सेंटिमीटरला फक्त ३० ग्रॅम जास्त. म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. लहान मूल नळीतून फुंकतं, त्याच तोडीचा. इतक्या कमी दाबाला दुमडलेली नळी किंवा एखादं जाळंही अडवू शकतं. लोणावळा-खंडाळ्याच्या, शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत हे मुद्दाम लक्षात ठेवावं. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं विणतात, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. हे तपासायला कारागीरच बोलवावा. तारेनं जेटचं भोक कोरू नये. ते मोठं झालं तर गॅस जास्त येतो आणि पुरता जळत नाही.

‘लोणावळा उंचावर आहे, हवा विरळ आहे, म्हणून तर पेटत नसेल?’ असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. हिशेब करायला लावा. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर. तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, इतकाच फरक. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथेही गॅसच्या शेगड्या पेटतात. तेव्हा हा संशयित निर्दोष सुटला.

जाळाची खबर

गीझर पेटतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो, असं झालं तर पाचव्या कडीकडे पाहायचं. जाळात धन आणि ऋण प्रभारित कण असतात, म्हणून जाळ विजेचा वाहक असतो, अगदी क्षीण असला तरी. जाळात बुडालेल्या काडीतून अँपियरच्या काही दशलक्षांश भागाएवढी धारा वाहते, आणि तेवढ्यावर मंडल ओळखतं की जाळ आहे. काडीवर काजळी चढली की ही धारा अडते.

शाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी असेल तर तो प्रभारित करा. पानं फाकतील. आता पेटती मेणबत्ती त्याच्या वरच्या चकतीजवळ आणा, पण चिकटवू नका. पानं भराभर मिटतील. जाळातल्या प्रभारित कणांनी प्रभार नाहीसा केला. गीझरमधली काडी हेच करते.

आणि आता हवा

आता मित्राच्या दुसऱ्या त्रासाकडे येऊ. नवे सेल घातल्यावर गीझर झकास पेटू लागला. पण सात-आठ मिनिटं चालला की आपोआप विझे. दार उघडून थोडा वेळ गेला की पुन्हा पेटे, पुन्हा विझे. मित्राच्या पत्नीला आंघोळीनंतर डोकं जड वाटू लागलं. हवामानाचा परिणाम म्हणून तिनं ते सोडून दिलं. दुरुस्तीला आलेल्या कारागिरानं पाहून सांगितलं, “सर, सेन्सर गेलाय. डायरेक्ट करून देतो, पुन्हा कधी विझणार नाही.”

मित्र ‘हो’ म्हणणारच होता. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. तिरप्या पावसाची झड आत येते म्हणून त्यानंच जूनमध्ये न्हाणीघराच्या झरोक्यावर प्लास्टिकचा कागद ठोकला होता.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे ६ × २५ × ४.२ = ६३० किलोज्यूल. काही उष्णता वाया जाते, म्हणून ७५० धरू. एक ग्रॅम गॅस सुमारे ४६ किलोज्यूल देतो. तेव्हा मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. त्याला सुमारे ५८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४८ लिटर ऑक्सिजन लागतो. आता न्हाणीघर दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच असेल तर त्यात ४,५०० लिटर हवा मावते. तिच्यातला ऑक्सिजन सुमारे ९५० लिटर. खोली पुरती बंद असेल तर दहा मिनिटांत त्यातला निम्मा संपेल!

प्रत्यक्षात जाळ तोवर टिकत नाही. भांड्याखाली झाकलेली मेणबत्ती विझते तेव्हा ‘ऑक्सिजन संपला’ असं आपण मुलांना सांगतो. तो संपलेला नसतो. २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर उतरलेला असतो. गीझरचंही तसंच. हवा कमी पडू लागली की निळा जाळ लांब आणि लवलवता होतो, पिवळा पडतो, बर्नरपासून सुटतो. काडीला जाळ लागेनासा झाला की मंडल गॅस बंद करतं.

पण दरवेळी तो वेळेवर विझेल याची मुळीच खात्री नाही. विझण्याआधीच्या अवस्थेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसमध्ये मिसळलेला उग्र वासाचा पदार्थही इथे उपयोगाचा नाही, कारण तो जळून गेलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात. दाराला आतून कडी असते आणि ती काढण्याचं त्राण उरत नाही. गॅस गीझर असलेल्या बंद न्हाणीघरांत माणसं दगावली आहेत, ती अशी.

बंबही कार्बन मोनॉक्साइड सोडत असे. पण त्याच्याबरोबर धूर असे. डोळे चुरचुरत, ठसका लागे आणि माणूस बाहेर पळे. गॅसच्या स्वच्छ जाळानं धूर घालवला, आणि त्याच्याबरोबर धुराचा इशाराही गेला. आता इशारा द्यायला उरलं आहे ते यंत्राचं विझणं. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे तोच इशारा बंद करणं.

प्लास्टिक काढलं. गीझर विझायचा थांबला, डोकेदुखीही थांबली. पुढच्या महिन्यात मित्रानं गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या पण पावसापासून आडोसा असलेल्या भिंतीवर हलवला. त्याची योग्य जागा तीच.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तिथे बऱ्याच घरांच्या तळघरांत घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी असते. तिची साखळीही अशीच असते. पाण्याच्या पडद्याऐवजी तापमान पाहणारा थर्मोस्टॅट, त्यानंतर जळलेले वायू बाहेर ओढणारा पंखा, आणि पंख्यानं खरोखर ओढ निर्माण केली का हे तपासणारा दाबाचा स्विच. ती ओढ नसेल तर, म्हणजे बाहेर जाणारी नळी बर्फानं बुजली असेल तर, भट्टी पेटतच नाही. तिथे बर्फ, इथे प्लास्टिकचा कागद, तत्त्व एकच.

लक्षणावरून कडी ओळखा

टिकटिक नाही, गरम नळाची धार बारीक: पाण्याचा दाब किंवा जाळी.
टिकटिक नाही, धार चांगली: सेल.
टिकटिक आहे, जाळ नाही: ठिणगीची जागा, ओल किंवा गॅसचा पुरवठा.
पेटतो, काही सेकंदांत विझतो: जाळाची खबर देणारी काडी.
पेटतो, काही मिनिटांनी विझतो, किंवा जाळ पिवळा दिसतो: हवा. पाणी बंद करा, दार उघडा, बाहेर या. पुन्हा पेटवू नका.

काही गीझर ठरावीक मिनिटांनी मुद्दाम स्वतःहून बंद होतात. त्याची वेळ माहितीपत्रकात दिलेली असते. ती जुळते का हे आधी पाहावं. पहिल्या दोन कड्या घरी तपासता येतात. पुढच्या तीनही कड्यांचं निरीक्षण आपण करावं, पण पेटी उघडायचं काम जाणकार कारागिरावर सोपवावं.

विद्यार्थ्यांना एक काम द्या. प्रत्येकानं घरचं न्हाणीघर मोजून त्यातली हवा किती लिटर आहे ते काढावं आणि ती येण्या-जाण्याची वाट उघडी आहे का ते पाहून यावं. आकडे फळ्यावर मांडा. पावसाळ्यात ज्यांच्या झरोक्यावर प्लास्टिक ठोकलेलं आढळेल, त्यांनी ते त्याच दिवशी काढायला घरी सांगावं. झड आत आलीच, तर फरशी पुसता येते.